व्यायाम, श्रम आणि लोकारोग्य

वारणेच्या खोऱ्यातील आमचे शिराळे हे फार जुने गाव. बत्तीस गावांचे ठाणे म्हणून त्यास बत्तीस शिराळा हे नाव पडले, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. नागपंचमीमुळे या गावाचे नाव दूरवर गेले; परंतु त्याची आणखी एक ओळख आहे. समर्थ रामदासांनी कृष्णा-वारणेच्या टापूत जे अकरा मारुती स्थापिले, त्यांपैकी एक शिराळ्याचा होय. शके १५७६, म्हणजे इसवी सन १६५४ च्या सुमारास त्याची स्थापना झाली, असे परंपरा मानते. चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, बहे, मनपाडळे, पारगाव ही याच मालिकेतील गावे. मारुती हे बलाचे दैवत, आणि जेथे मारुती तेथे तालीम, ही आपल्या मुलखाची जुनी रीत.

श्रोतेहो, आज जो प्रश्न आपणापुढे मांडावयाचा आहे, तो या मारुतीच्या पारावर उभे राहिले असता सहज सुचणारा आहे. बल कोणासाठी? गावातील एका पहिलवानासाठी, की गावातील सर्वांसाठी? आणि अंग मेहनतीने आरोग्य वाढते असे जे आपण म्हणतो, ते खरे कशावरून? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधीत आपला समाज तालमीपासून प्रयोगशाळेपर्यंत कसा आला, त्याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

प्रथम तालमीकडे पाहू. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद घालून मऊ केलेला हौदा, भिंतीशी टेकविलेल्या मुद्गलांच्या जोड्या, मल्लखांब, कोनाड्यात मारुती, आणि या सर्वांवर वस्तादांची करडी नजर. ही संस्था सरकारी मदतीवाचून शतकानुशतके चालली. तिने माणसाला शिस्त दिली, व्यसनापासून दूर ठेवले आणि जातिभेद काही काळ तरी मातीत मिळविले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. ही सारी याच मातीची पुण्याई.

तथापि तालमीचा थोरपणा मान्य करूनही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. तो घराला परवडत नसे, म्हणून गाव मिळून एकदोघांना पोशी. हौद्यात उतरणारे सारे तरुण पुरुष. स्त्रिया, मुले, वृद्ध आणि दुबळे यांचा तेथे प्रवेश नव्हता. लोकारोग्याचा हिशेब एका बलवंतावरून मांडता येत नाही. सर्वात दुबळा मनुष्य कसा आहे, यावरून तो मांडावा लागतो.

सर्वांसाठी व्यायाम ही कल्पना युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मूळ धरू लागली. जर्मनीत यान याने १८११ साली बर्लिनजवळ उघड्यावर व्यायामशाळा काढली, आणि स्वीडनमध्ये लिंग याने १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षकांची संस्था स्थापिली. पुढे कवायतीच्या रूपाने हे वारे आपल्या शाळांतही आले. त्याच शतकाच्या अखेरीस सँडो या शरीरसौष्ठवपटूचे नाव जगभर दुमदुमू लागले; १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याचे डंबेल्स आणि पुस्तके सुखवस्तू घरांतून दिसू लागली.

सँडोच्या पद्धतीने कित्येक वर्षे मेहनत करणाऱ्यांत आमच्या शेजारच्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेही होते. चित्रकार, कीर्तनकार, पदवीधर असा हा राजा १९०९ साली गादीवर आला. सँडोची साधने बाजूस ठेवून त्यांनी सूर्यनमस्कार हाती धरले, आणि एवढ्यावरच न थांबता आपल्या संस्थानातील शाळांतून मुलामुलींना ते घालावयास लावले. सूर्यनमस्कार त्यांनी निर्माण केले असे नाही. ते पूर्वीपासून होतेच. पण त्यांचा क्रम ठरविणे, त्यांवर पुस्तक लिहिणे, चित्रे काढवून घेणे आणि शाळेच्या वेळापत्रकात त्यांना जागा देणे ही कामगिरी औंधची. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले, आणि साताऱ्याच्या मुलखातील हा व्यायाम इंग्रज गृहिणींच्या दिवाणखान्यात पोहोचला.

या उपक्रमाचे महत्त्व कशात आहे? सूर्यनमस्काराला हौदा लागत नाही, खुराक लागत नाही, जोडीदार लागत नाही. साडेतीन हात जागा पुरते. त्यामुळे तालमीच्या उंबऱ्याबाहेर राहिलेली मुलगी प्रथमच व्यायामाच्या कक्षेत आली. मात्र राजेसाहेबांचा पुरावा हा मुख्यत्वे स्वानुभवाचा होता. मी करतो, मला गुण आला, तुम्हीही करा, असा तो उपदेश. उपदेश प्रामाणिक होता. पण अनुभव एकाचा आणि औषध सर्वांना, हे शास्त्राला पटत नाही.

ती उणीव भरून काढण्याचा यत्न महाराष्ट्रातच झाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांचा जन्म १८८३ सालचा. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्यात ते तयार झाले, पुढे मालसरच्या माधवदासजींकडून योग शिकले, आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था काढली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. आसने आणि बंध करीत असता शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांनी पाहावयाचे, दाब मोजावयाचा, आकडे लिहून ठेवावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी दाबमापकावर दाखविले. बस्तीक्रियेत पाणी आपोआप वर कसे चढते, या जुन्या कोड्याचा उलगडा त्यामुळे झाला.

स्वामीजींची थोरवी मला दुसऱ्याच एका गोष्टीत दिसते. प्राणायामाने शरीरात प्राणवायू पुष्कळ भरला जातो, ही समजूत तेव्हा लोकप्रिय होती, आणि योगाच्या प्रचारास ती सोयीचीही होती. स्वामीजींनी प्रयोग केले, आकडे तिच्या बाजूचे निघाले नाहीत, आणि त्यांनी ती समजूत नाकारली. ज्या विद्येवर आपली श्रद्धा, तिचीच परीक्षा घेणे हे सोपे काम नव्हे.

सरकारचेही लक्ष याच सुमारास या विषयाकडे वळले. मुंबई सरकारने १९२७ साली शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली. १९३७ साली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली या कामास पुन्हा गती मिळाली, आणि १९३८ मध्ये कांदिवली येथे व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था निघाली. लोकांचे प्रयत्न तर त्याआधीचेच. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा पाया घातला होता. पुण्यास कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ स्थापिले होते. बडोद्यात मजुमदार यांनी संपादिलेला व्यायामज्ञानकोश दहा खंडांत पुरा झाला. व्यायाम हे वस्तादाच्या कानमंत्राचे नव्हे तर शिकविण्याचे आणि लिहून ठेवण्याचे शास्त्र आहे, ही दृष्टी येथे रुजली.

इतके झाले तरी मूळचा प्रश्न उरतोच. प्रयोगशाळेत एक मनुष्य तपासता येतो. पण व्यायामाने समाजाचे आयुष्य वाढते, हे कसे दाखवावे? याचे प्रसिद्ध उत्तर लंडनच्या बसगाड्यांतून मिळाले. जेरी मॉरिस या डॉक्टराने लंडनच्या वाहतूक खात्यातील सुमारे ३१,००० पुरुषांची माहिती जमविली आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून असतो. वाहक तिकिटे देत दिवसाकाठी पाचसातशे पायऱ्या चढतो-उतरतो. हृदयविकाराचे प्रमाण चालकांत स्पष्टपणे अधिक आढळले. टपाल खात्यात हिंडणारे पोस्टमन आणि बैठे कारकून यांच्यातही तसाच फरक दिसला. मॉरिस एवढ्यावर संतुष्ट राहिले नाहीत. चालक मुळातच स्थूल असतील, अशी शंका घेऊन त्यांनी गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा घेर खरोखरच मोठा निघाला. म्हणजे फरकाचा काही वाटा नोकरीपूर्वीच्या शरीराचाही असू शकेल, हे १९५६ साली त्यांनी स्वतःच मांडले. पुढे इतरांच्या आणि त्यांच्या स्वतःच्या दीर्घ अभ्यासांनी मूळ निष्कर्ष टिकला. शंका घेऊन जे टिकते, तेच ज्ञान.

यावरून कोणी म्हणेल, मग आमच्या खेड्यातील लोकांना काय कमी? ते तर पहाटेपासून राबतात. त्यांना व्यायाम कशाला? हे वाक्य मी शिक्षकाच्या नोकरीत अनेक वेळा ऐकले, आणि बहुधा ते मुलींच्या संबंधात ऐकले. त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांनी दिले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली तेथे गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यात आईचा आहार मोजला, तसे तिचे श्रमही मोजले. पाणी आणणे, धुणे, सरपण, शेतातील काम, सारे नोंदले. २००३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, गरोदरपणी ज्यांचे श्रम अधिक, त्यांच्या बाळांचे वजन सरासरीने कमी. त्या खेड्यांतील नवजात बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधील साउदम्प्टनची ३.५ किलोची. आणि हे बाळ वजनाने हलके असले तरी त्याच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती; उणे होते ते स्नायू आणि इतर अवयव. पुढील आयुष्यातील मधुमेहाची बीजे अशा घडणीत असावीत, असे हे संशोधक सांगतात.

श्रोतेहो, लंडनच्या वाहकाला ज्या पायऱ्यांनी तारले, तसेच श्रम आमच्या गरोदर बाईला का मारक व्हावेत? कारण उघड आहे. वाहकाला पोटभर अन्न होते, रात्रीची विश्रांती होती, आणि श्रमाला मर्यादा होती. उसाची मोळी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला यांपैकी एकही गोष्ट खात्रीची नाही. व्यायाम आणि श्रम यांत घाम एकच, पण फळ निराळे. व्यायाम शक्तीप्रमाणे घेता येतो आणि थकल्यावर थांबविता येतो. लादलेल्या श्रमाला थांबणे माहीत नाही. म्हणून जी राबते तिचा भार हलका करणे, आणि जो बसून आहे त्याला उठविणे, ही दोन्ही एकाच लोकारोग्याची कामे होत.

बसून राहणाऱ्यांची संख्याही आता लहान राहिलेली नाही. पुरेशी हालचाल न करणारी प्रौढ माणसे २०२२ साली जगात सुमारे ३१ टक्के होती; भारतात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ गेले, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक भरले. भारतात मधुमेही लोक १० कोटींच्या वर गेल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटना सांगते ते फार अवघड नाही. प्रौढांनी आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम हालचाल करावी; मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे. मुलांच्या या साठ मिनिटांचा हक्काचा आधार म्हणजे शाळेतील व्यायामाचा तास. तो वेळापत्रकावर असतो. परंतु परीक्षा जवळ आली की गणिताला जो तास हवा असतो, तो नेमका हाच निघतो. मैदान उरते मोजक्या खेळाडू मुलांसाठी, आणि मुली भिंतीशी उभ्या राहून त्यांना टाळ्या देतात. औंधच्या राजाने शंभर वर्षांपूर्वी जो दरवाजा उघडला, तो आपण कोणताही ठराव न करता लोटून घेतला आहे.

ज्या घरांतून हे भाषण ऐकले जात असेल, तेथे बहुधा बैठे काम करणारी माणसे असतील, आणि घरकामास येणारी एखादी बाईही असेल. पहिल्यांनी आज सायंकाळी अर्धा तास चालावे. दुसरीला आठवड्यातून एक दिवस पुरती विसावा घेण्याची मोकळीक द्यावी. आणि घरच्या मुलीला शाळेत व्यायामाचा तास खरोखर मिळतो की नाही, एवढे एकदा तिलाच विचारावे.