एक होडी, दोन धंदे

आजचा विषय ऐकून काही जण हसतील. एकच छोटी होडी, एरवी मासे धरायला आणि थंडीत बदकं मारायला. आणि हे कोण सांगतंय, तर नांदेड-लातूरकडचा माणूस. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं होडीचा इतिहास कसला? पण थांबा. आपलं पाणी उथळ आहे, पसरतं आणि आटतं, आणि ही होडी अशाच पाण्याची आहे.

मला हा विषय विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयावर सुचला. एक भोई काका चप्पूवर बसून जाळं टाकत होते. चप्पू म्हणजे थर्माकोलचे तुकडे जाळ्यात घट्ट बांधून केलेला तराफा. थोड्या अंतरावर बदकांचा थवा निवांत चरत होता. मी विचारलं, "काका, मासे सोडून तुम्ही बदकांच्या मागं चालले की काय?" ते म्हणाले, "आरं बाळा, पाणी गुडघ्याएवढं. मासा बी इथंच अन् बदक बी इथंच."

इंजिनिअरला एवढं पुरे झालं. पाण्यात डोकं खुपसून चरणारी बदकं मान पोचेल तितक्याच खोलीवर चरतात. तिथं नेहमीची नाव गाळात रुतते. आता हिशेब करा: ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, सपाट बुडाची होडी. होडी, माणूस आणि सामान मिळून २०० किलो. असली होडी पाण्यात जेमतेम ७ सेंटिमीटर बुडते. म्हणजे तुमच्या मोबाइलच्या रुंदीएवढी! शिवाय ती बुटकी, त्यामुळे लांबून दिसत नाही. माशांसाठी केलेली होडी बदकांसाठी आपोआप तयार असते, ती अशी.

आपल्या ऊसपट्ट्यात तर होडी गुऱ्हाळातच असते. गूळ करायची लोखंडी काहील! पूर आला की तीच पाण्यात उतरते. दोन मीटर व्यासाची काहील धरली तर हिशेब जवळजवळ तोच येतो. फक्त ती सरळ जात नाही, गोल गोल फिरते. बदक मारायचं असेल तर काहील विसराच.

या दोन्ही छंदांचं जुनं पुस्तक आपल्या शेजारचंच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, कारकीर्द ११२६ ते ११३८. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, निलंग्याहून फार लांब नाही. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे, म्हणजे गळानं मासे धरणं, कोणत्या माशाला काय चारायचं इथपर्यंत. आणि श्येनविनोदही आहे, ससाण्याकडून पक्षी धरणं. दोन्हींना वेगवेगळी प्रकरणं, कारण राजाला वेळ होता. गरिबाला दोन्ही कामं एकाच होडीत उरकायची असतात.

ते अमेरिकेत नीट दिसतं. न्यू जर्सीच्या बार्नेगाट खाडीत १८३६ च्या सुमारास हेझल्टन सीमन नावाच्या नाव बांधणाऱ्यानं 'स्नीकबॉक्स' केली असं मानतात. साधारण साडेतीन मीटर लांब, बशीसारखी चपटी, वरून झाकलेली. खाडीतले लोक तिच्यावरून शिंपले-मासे काढत आणि थंडीत तिच्यावर गवत टाकून आत आडवे पडून बदकांची वाट बघत. मारलेली बदकं बाजारात जात. १९१८ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला आणि हा बाजार बंद झाला. हौशी शिकार मात्र परवान्यावर आजही चालते.

आपल्याकडं उलटं होतं. होडी भोयाची किंवा कोळ्याची आणि बंदूक दुसऱ्याची. साहेबी काळातली पाणपक्ष्यांच्या शिकारीची पुस्तकं वाचा. ॲलन ह्यूम (हो, १८८५ च्या काँग्रेस स्थापनेतला तोच ह्यूम) आणि मार्शल यांनी १८७९ ते १८८१ मध्ये भारतातल्या शिकारी पक्ष्यांवर तीन खंड काढले. असल्या पुस्तकांत बदकाच्या पिसाचं वर्णन मिळतं, पण होडी वल्हवणारा बहुतेक वेळा नुसता 'बोटमन' असतो. कुठं गाळ आहे, थवा कुठं उतरतो, हे त्यालाच माहीत होतं. मला या सगळ्यात हीच गोष्ट खटकते.

आपला भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. १९३१-३२ मध्ये सलीम अलींनी या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा शास्त्रज्ञही बंदूक घेऊनच फिरायचे, कारण नमुना हातात हवा असे. त्यामुळे फक्त शिकाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी काही शिकार परवान्यावर चालू होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही दार बंद झालं. आज रानबदक मारणं हा गुन्हा आहे, उगाच हा एपिसोड ऐकून बेचकी काढू नका. म्हणजे होडीचा एक धंदा गेला, दुसरा उरला.

पण उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावकडं, त्या जागी नवीन धंदा आलाय. मासेमार थंडीत आपल्याच होडीतून लोकांना रोहित पक्षी दाखवायला नेतात. बंदुकीच्या जागी कॅमेरा, आणि पैसे होडीवाल्याच्या हातात. पाण्याची माहिती पहिल्यांदा विकली जातेय ती माहीतगाराच्याच नावानं.

मी हे सगळं विष्णुपुरीच्या काकांना सांगितलं. ते जाळं सोडवत ऐकत होते. म्हणाले, "बदकं तर दिवाळीनंतर लई येतात. पण दादा, तुझे पुण्याचे मित्र या थर्माकोलवर बसतील का?"

मी चप्पूकडं बघितलं. मलाच बसायची भीती वाटत होती.