बिदरच्या वाटा

राजधानीचे वैभव तिच्या तटबुरुजांवरून मोजण्याची आपल्याकडे प्रथा आहे. बिदरचा किल्ला, तेथील महाल आणि महमूद गवानचा मदरसा पाहून परतणारा प्रवासी हेच माप मनात घेऊन परततो. परंतु समुद्रापासून इतक्या दूर, नौका चालेल अशी नदी जवळ नसलेल्या उंच माळावर बहमनी राज्याची राजधानी शतकभर कशाच्या बळावर नांदली, या प्रश्नाचे उत्तर तटबुरुज देत नाहीत. ते शोधावयाचे तर बिदरकडे येणाऱ्या वाटांकडे वळावे लागते.

बहमनी राज्य १३४७ साली स्थापन झाले आणि त्याची राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथे आली. पुढे पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशहाने ती बिदरला हलविली. राजधानी कोणतीही असो, या राज्याची एक गरज कायम होती. ती म्हणजे घोडा. दख्खनच्या हवेत युद्धोपयोगी उमदा घोडा निपजत नसे. तो अरबस्तानातून आणि इराणच्या किनाऱ्यावरून गलबतात चढून कोकणातील बंदरांत उतरे आणि सह्याद्रीचे घाट चढून वर येई. त्यामुळे चौल आणि दाभोळ ही बंदरे बिदरपासून कितीही लांब असली तरी तीच राजधानीची खरी प्रवेशद्वारे होती.

या वाटेने आलेल्या एका परदेशी माणसाने आपल्या प्रवासाची टिपणे मागे ठेवली आहेत. अफनासी निकितीन हा रशियातील त्वेर नगरचा व्यापारी. १४७० च्या सुमारास हुर्मुज बंदरातून तो ‘तवा’ जातीच्या गलबतात बसला आणि सहा आठवड्यांनी चौलला उतरला. विकून नफा मिळवावा म्हणून त्याने बरोबर एक घोडा आणला होता. चौलहून पालीपर्यंत आठ दिवस, तेथून उमरीपर्यंत दहा आणि उमरीहून जुन्नरपर्यंत सहा, असा आपल्या मजलांचा हिशेब तो व्यापाऱ्याच्या काटेकोरपणाने देतो. जुन्नरला पावसाने त्याची वाट अडविली. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत येथील लोक नांगरणी-पेरणी करतात, याचे त्याला मोठे नवल वाटले. घोड्यांना हरभरे खाऊ घालतात, साखर आणि स्निग्ध पदार्थ घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपून ठेवले आहे. परक्या मुलखातून आणलेल्या जनावराची किंमत त्या खिचडीवरून कळते.

जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला. इस्लाम स्वीकारल्यास घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी मिळतील, न स्वीकारल्यास घोडा जाईल आणि तितकाच दंड बसेल, असे त्याला बजावण्यात आले. खुरासानच्या एका ख्वाजाने रदबदली केल्यामुळे तो त्या संकटातून सुटला. पुढे महिनाभर चालून तो बिदरला पोहोचला आणि तेथे त्याने तो घोडा विकला. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे होते. प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर लेखनिक बसत. कोणी आत जाणाऱ्यांची नोंद करी, कोणी बाहेर पडणाऱ्यांची. बिदरहून गुलबर्ग्याला पोहोचण्यास मधल्या कुलोंगीर गावावरून दहा दिवस लागल्याचे तो सांगतो. माल वाहणे आणि माणसाने स्वार होणे, ही दोन्ही कामे या देशात बैल आणि रेडे करतात, अशीही त्याची नोंद आहे.

निकितीनच्या टिपणांत आळंदचा उल्लेख विशेष आहे. आज कलबुर्गी जिल्ह्यात असलेल्या या गावी शेख अलाउद्दीन यांच्या दर्ग्यापाशी वर्षातून एकदा दहा दिवसांची यात्रा भरे. तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत असे तो लिहितो. आकडा ऐकीव असेल. परंतु सर्व देशाचे व्यापारी तेथे जमत, यावरून या सीमाप्रदेशाला त्या काळी कोणी कडेचा मुलूख समजत नसे, हे स्पष्ट होते.

वाटांचे हे महत्त्व सर्वांत अधिक ओळखले ते महमूद गवानने. तो स्वतः व्यापाराच्या निमित्ताने दाभोळला उतरलेला, आणि ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, ही त्याची पदवी. त्याने कोकणावर मोहीम काढून १४७२ मध्ये गोवे घेतले, ते केवळ मुलूखवाढीसाठी नव्हे. गोवे हाती आले म्हणजे विजयनगरकडे जाणारा घोडा अडविता येत होता. १४८१ साली त्याचा वध झाला आणि थोड्याच वर्षांत राज्याची शकले झाली. जुन्नर आणि चौल निजामशाहीकडे गेले, दाभोळ आणि गोवे आदिलशाहीकडे गेले, आणि १५१० मध्ये गोवे पोर्तुगीजांनी जिंकले. बिदरचा किल्ला जागच्या जागी होता. समुद्राच्या वाटा मात्र परक्यांच्या झाल्या. बरीदशाहीचे बिदर लहान राहिले, याचे एक मोठे कारण येथे सापडते.

एकोणिसाव्या शतकात वाटांनी पुन्हा एकदा नगरांचे भाग्य फिरविले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापूरला आला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रासच्या मार्गाला मिळाला. गुलबर्गा या मार्गावर आले. १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादकडे निजामाचा फाटा निघाला. बिदर बाजूलाच राहिले. त्याला आगगाडी मिळाली ती १९३० च्या सुमारास, विकाराबादहून परळीकडे जाणाऱ्या मार्गाने. एका राज्याच्या या दोन राजधान्या अशा रीतीने दोन वेगळ्या लोहमार्गांवर पडल्या. बिदरहून आगगाडीने कलबुर्गीस जाणाऱ्याला विकाराबाद आणि वाडी असा दुपटीहून अधिक लांबीचा वळसा घ्यावा लागे.

मराठी माणसाला हा मुलूख परिचित राहिला तो मुख्यतः यात्रेच्या वाटांनी. दत्तभक्त गाणगापूर रोड स्थानकावर उतरून भीमा-अमरजेच्या संगमाकडे जात आले. माणिकप्रभूंचे भक्त हुमनाबादजवळील माणिकनगरला जात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगे, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात गेला. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरिका राहिल्या, बाजार राहिले आणि मराठी बोलणारी घरेही राहिली. भालकी, कमालनगर, उदगीर ही स्थानके मात्र त्याच एका लोहमार्गावर पूर्वीप्रमाणे ओळीने उभी आहेत, आणि सासर-माहेर, कोर्टकचेरी, दवाखाना यांसाठी निघालेल्या माणसाला आजही त्यांचाच आधार आहे.

बिदर आणि कलबुर्गी यांना हुमनाबादमार्गे जोडणारा सुमारे ११० किलोमीटरांचा लोहमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी पूर्णपणे खुला झाला. निकितीनला दहा दिवस लागलेले अंतर आता काही तासांचे झाले. २०१९ मध्ये कलबुर्गीस आणि २०२० मध्ये बिदरला नागरी विमानेही उतरली. पण ती सेवा सातत्याने टिकलेली नाही. नव्या आगगाडीत बसणाऱ्याला ना सुलतानाच्या भेटीस जावयाचे असते, ना घोडा विकावयाचा असतो. शाळा, दवाखाना, बाजार किंवा देवदर्शन एवढेच त्याचे काम. एके काळी राजधानीसाठी वाट बांधली जाई; आता ती या साध्या माणसासाठी बांधली गेली आहे, आणि कडेला पडलेल्या या मुलखाला पुन्हा मध्यावर आणण्याचे सामर्थ्य अशाच वाटेत आहे.