दमेकरी गवई आणि मागांचे गाव

ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून खयालाची तालीम घेऊन ती महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) यांना मुंबईत दम्याने गाठले, आणि तेथील दमट हवेचा त्याग करून त्यांना मिरजेच्या कोरड्या हवेचा आश्रय करावा लागला; पुढे इचलकरंजीच्या जहागीरदारांनी त्यांना आपल्या पदरी ठेविले, तेव्हापासून हे गाव बुवांच्या नावाला जे जडले ते जडलेच. विष्णु दिगंबर पलुस्करांना मिरजेत गुरू लाभला तो एका अर्थी या व्याधीच्या कृपेने, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

चरकाने तमकश्वासास, म्हणजे दम्यास, याप्य, अर्थात औषध चालू आहे तोवर आटोक्यात राहणाऱ्या रोगांत गणिले, आणि तत्कालीन उपचारांची मर्यादा पाहता हा निर्णय अचूकच म्हटला पाहिजे. वैद्य अडुळसा देत, कोजागरीस खिरीतून औषध घेण्याची चाल होती, धोतऱ्याची वाळली पाने चिलमीत ओढली जात. हा धूम्रप्रयोग मद्रासच्या डॉ. अँडरसन यांच्यामुळे १८०२ च्या सुमारास विलायतेतही पोहोचला. धोतऱ्याने आवळलेली श्वासनलिका सैल होई, आतली सूज मात्र तशीच राही; म्हणून ऐपतदारास दीर्घकाळचा इलाज एकच, हवापालट.

आणि बुवांना पदरी ठेवणाऱ्या याच जहागीरदारांच्या, नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या, अमदानीत, बुवा हयात असतानाच, १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. मागांबरोबर सुताची तूस आली. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस दम्याहून वेगळा: सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची खूण लँकेशायरच्या गिरण्यांत नीट अभ्यासिली गेली. त्याचे मुख्य ठाणे सूतगिरणीचे पिंजणखाते. विणकामात धूळ त्या मानाने कमी, परंतु मूळच्या दमेकऱ्यास तेवढीही पुरते.

दम्यातील सुजेवरचा खरा इलाज १९७२ च्या सुमारास आला: श्वासावाटे घेण्याचे बेक्लोमेथासोन, अल्प मात्रेत, नित्य. ज्या साल्ब्युटामॉलने झटका तत्काळ उतरतो त्यावर रुग्णाची श्रद्धा बसते, आणि बरे वाटू लागताच ‘पंपाची सवय लागेल’ या धास्तीने तो नित्याचे औषध सोडून देतो. वैद्यकाची निम्मी शक्ती ही समजूत काढण्यातच खर्ची पडते. उरलेला सल्ला धूळ टाळण्याचा, पण विणलेल्या कापडावर मजुरी मोजून घेणाऱ्या मागवाल्याने ती टाळावी कोठे? १९४८ चा कारखाने कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा कामगारांच्या कारखान्यापासून लागू झाला, आणि चार-सहा मागांची लहान खाती त्या हद्दीबाहेर राहिली.