मातीचं कार्ड कपाटात, युरियाची गोणी बांधावर

पाडव्याआधी घर आवरताना कपाटात आमच्या शेताचं मृदा आरोग्य कार्ड सापडलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. 'माती परीक्षण करा' अशा बातम्या वीस वर्षं लिहिणाऱ्याच्या घरातली ही गत! म्हणून थोडा इतिहास चाळला.

इंग्रज सरकारने १८८९ मध्ये डॉ. व्होल्कर या रसायनतज्ज्ञाला इथली शेती बघायला बोलावलं. १८९३ च्या अहवालात त्याने आपल्या शेतकऱ्याला अडाणी म्हटलं नाही. दुखणं दाखवलं ते वेगळंच: शेण चुलीत जातंय, जमिनीला खत पुरत नाही.

पुढे १९५५-५६ मध्ये देशात पहिल्या १६ माती परीक्षण प्रयोगशाळा निघाल्या. १९६७ च्या सुमारास बी. राममूर्ती या शास्त्रज्ञाने साधा हिशेब मांडला. किती क्विंटल पीक हवं ते आधी ठरवा. त्याला लागणाऱ्या अन्नातलं जमीन किती देईल ते तपासा. उरलेलंच खतातून द्या. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आपल्याकडच्या पिकांसाठी अशी समीकरणंही बसवली.

मग अडलं कुठं? माझ्या मते, किमतीत. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद-पालाशची खतं नियंत्रणमुक्त होऊन महागली, युरिया मात्र नियंत्रणातच राहिला. २०१० मध्ये अनुदानाची पद्धत बदलली, तेव्हाही युरिया बाहेरच. आज ४५ किलोची गोणी २७० रुपयांच्या आत मिळते. म्हणजे डोस माती ठरवत नाही, दर ठरवतो.

२०१५ मध्ये कार्ड आलं, १२ घटकांचं. पण नमुना बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत १० हेक्टरला एक. कार्ड माझ्या नावाचं, माती शेजाऱ्याच्या रानातली, असंही होऊ शकतं.

तरी आमच्या कार्डावर होतं काय? पालाश भरपूर, जस्त कमी. आणि आम्ही वर्षानुवर्षं १०:२६:२६ टाकतोय, जस्त एकदाही नाही! वडील कार्ड बघून एवढंच म्हणाले, "पैसे मातीत घातले म्हणायचे."

आता रान मोकळं आहे. खत टाकायच्या आधी, बांध, झाड आणि उकिरडा सोडून, सात-आठ ठिकाणची माती मी स्वतः काढणार आहे.

तुमचं कार्ड कुठं आहे? बघा जरा.