उत्तर समुद्रातील सेवाबाह्य तेलवाहिन्या आणि नैसर्गिक किरणोत्सर्ग : एक ऐतिहासिक आढावा

सारांश : खनिज तेलाबरोबर भूगर्भातून किरणोत्सारी द्रव्येही वर येतात, हे शास्त्रज्ञांना १९०४ पासून ठाऊक होते. तथापि, उत्तर समुद्रातील तेलक्षेत्रे बंद करण्याची वेळ आली, तेव्हा आंतरराष्ट्रीय बंधन आले ते समुद्रावर दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मवर. तळाशी पडलेल्या वाहिन्या त्या बंधनाबाहेर राहिल्या. या विसंगतीचा ऐतिहासिक शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

बीजशब्द : उत्तर समुद्र, तेलवाहिनी, रेडियम, ब्रेंट स्पार, सेवाबाह्यीकरण.

१. प्रस्तावना

उद्योगाचा इतिहास बहुधा आरंभाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विहीर कधी लागली, उत्पादन कधी सुरू झाले, याच्या नोंदी विपुल असतात. उद्योग आवरता घेताना मागे काय उरले, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील ब्रेंट तेलक्षेत्राचा शोध १९७१ मध्ये लागला व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. २०१७ मध्ये हे क्षेत्र सेवाबाह्य करण्याचे आराखडे शासनापुढे आले, ते दोन होते : एक प्लॅटफॉर्मसाठी आणि दुसरा वाहिन्यांसाठी. या द्वैताची मुळे इतिहासात आहेत.

२. किरणोत्सर्गाचे मूळ

भूगर्भातील खडकांत युरेनियम व थोरियम अल्प प्रमाणात असतात. ही मूलद्रव्ये बहुतांशी खडकातच राहतात. परंतु त्यांच्या क्षयातून निर्माण होणारे रेडियम तेलाच्या थरातील खाऱ्या पाण्यात विरघळते. तेलसाठ्यातील दाब टिकविण्यासाठी समुद्राचे पाणी आत सोडले जाते. या पाण्यातील सल्फेट व भूगर्भीय पाण्यातील बेरियम एकत्र आले, की बेरियम सल्फेटचा टणक थर नळाच्या आतील बाजूस बसतो. पाणी तापविण्याच्या बंबात क्षारांचे पुट चढावे, तसाच हा प्रकार होय. रासायनिक साधर्म्यामुळे रेडियम बेरियमच्या जागी जाऊन या थरात अडकते.

वायुवाहिन्यांतील प्रक्रिया निराळी आहे. तेथे रेडॉन वायू नैसर्गिक वायूबरोबर वाहत जातो आणि त्याच्या क्षयातून शिसे-२१० व पोलोनियम-२१० यांचा पातळ लेप आतून बसतो. शिसे-२१० चा किरणोत्सर्ग इतका मंद असतो, की पोलादी नळाच्या बाहेरून तो सहसा मोजताही येत नाही. नळ उघडल्यावाचून त्यातील दूषितता कळत नाही.

३. कुतूहलापासून धोक्यापर्यंत

टोरांटो येथील ई. एफ. बर्टन यांनी कच्च्या खनिज तेलातून निघणाऱ्या किरणोत्सारी वायूविषयीचे निरीक्षण १९०४ मध्ये प्रसिद्ध केले. क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध लावल्याला त्या वेळी जेमतेम सहा वर्षे झाली होती. पुढील अनेक दशके हे निरीक्षण शास्त्रीय कुतूहलाचाच विषय राहिले. उत्तर समुद्रातील तेल-उपकरणांवर किरणोत्सारी थर १९८१ मध्ये आढळले. १९८६ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात वापरलेल्या नळांवर असाच थर सापडला आणि नळ साफ करणाऱ्या कामगारांच्या आरोग्याचा प्रश्न प्रथमच ठळकपणे पुढे आला. थर खरवडताना उडणारी धूळ श्वासावाटे शरीरात जाणे, हा येथील मुख्य धोका होय.

४. ब्रेंट स्पार आणि दृश्यतेचे राजकारण

१९९५ मध्ये ब्रेंट स्पार हे तरंगते तेलसाठवण केंद्र अटलांटिक महासागरात बुडविण्याच्या योजनेस ग्रीनपीसने प्रखर विरोध केला. कार्यकर्ते प्रत्यक्ष त्या केंद्रावर चढले, युरोपभर जनमत क्षुब्ध झाले आणि जून १९९५ मध्ये शेल कंपनीला योजना मागे घ्यावी लागली. केंद्रात शिल्लक तेल किती, याविषयीचा आपला अंदाज चुकल्याबद्दल ग्रीनपीसने त्याच वर्षी दिलगिरीही व्यक्त केली. तथापि, आंदोलनाचा परिणाम टिकला. १९९८ मध्ये पोर्तुगालमधील सिंत्रा येथे ऑस्पर आयोगाने निरुपयोगी सागरी प्लॅटफॉर्म समुद्रात बुडविण्यास व जागीच सोडण्यास, काही अपवाद वगळता, मनाई केली.

मात्र या निर्णयाच्या कक्षेत वाहिन्या आल्या नाहीत. त्यांचा निर्णय ज्या त्या देशाने प्रकरणपरत्वे करावयाचा आहे. ब्रिटनमध्ये तळात गाडलेल्या वाहिन्या, तुलनात्मक मूल्यमापनानंतर, जागीच ठेवण्यास अनुमती मिळू शकते. प्लॅटफॉर्मवर चढता येते, त्याचे छायाचित्र घेता येते. समुद्रतळावरील नळाभोवती जनमत उभे राहणे अवघड. कायदा जनमताच्या मागोमाग गेला, असे म्हणावयास जागा आहे.

५. काळाचा प्रश्न

वाहिन्या जागीच ठेवण्याच्या बाजूने सबळ कारणे आहेत, हे मान्य करावे लागेल. बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. शिवाय नळ उचलून तोडताना कामगारांना अधिक धोका संभवतो. उचललेली सामग्री कोठे जाते, हाही प्रश्न आहेच. ‘नॉर्थ सी प्रोड्युसर’ हे उत्तर समुद्रात वापरलेले तेलउत्पादक जहाज २०१६ मध्ये भंगारासाठी चितगाव येथे पोहोचले व त्यात किरणोत्सारी अवशेष आढळले. बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती आयात बेकायदेशीर ठरविली.

तरीही काळाचे गणित विसरता येत नाही. शिसे-२१० चे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे, तर रेडियम-२२६ चे सुमारे १६०० वर्षे. रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली इ. स. ४१० च्या सुमारास. त्यानंतर आजवर जेवढा काळ लोटला, तेवढा काळ गेल्यावरही निम्मे रेडियम शिल्लक असेल. पोलादी नळ त्याच्या कितीतरी आधी गंजून फुटेल. परवाना देणारी खाती आणि परवाना घेणाऱ्या कंपन्या तोवर टिकतील, असे कोणता इतिहासकार म्हणेल?

६. निष्कर्ष

माहिती असणे आणि जबाबदारी स्वीकारणे यांत उत्तर समुद्राच्या इतिहासात अनेक दशकांचे अंतर पडलेले दिसते. ते अंतर पुढे वाढू नये यासाठी कोणती वाहिनी कोठे आहे आणि तिच्यात काय साचले आहे, याची सार्वजनिक व दीर्घकाळ जतन होणारी नोंद आवश्यक आहे. हे काम केवळ अभियंत्यांचे नव्हे. ते अभिलेखागारांचे व इतिहासाच्या अभ्यासकांचेही आहे.

मुंबई हाय क्षेत्रातील उत्पादनही ब्रेंटप्रमाणे १९७६ मध्येच सुरू झाले आणि तेथूनही वाहिन्या समुद्रतळावरून उरणपर्यंत येतात. खडक व भूगर्भीय पाणी भिन्न असल्याने तिकडील निष्कर्ष इकडे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. परंतु उत्पादनाचा आरंभ जितक्या अभिमानाने नोंदविला गेला, तितक्याच काटेकोरपणे त्याचा शेवटही नोंदविला जावा, हा धडा मात्र दोन्ही किनाऱ्यांना सारखाच लागू आहे.