अकबराचा शेर केवढा?

शेर म्हटला की आम्हा गोंयकारांना पायली, कुडव, खंडी आठवतात. म्हणजे धान्य भरून मोजायचे माप. उत्तरेत मात्र शेर हे वजन. मुगल पाककृती करून बघणाऱ्यांचा घोळ इथूनच सुरू होतो.

'ऐन-ए-अकबरी'त अबुल फझलने बादशाही मुदपाकखान्यातले पदार्थ चक्क तोलून दिले आहेत. खिचडीच बघा ना: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी ५ शेर, मीठ शेराचा तिसरा हिस्सा. तांदळाइतकेच तूप! छपाईची चूक नव्हे ही. पण इथे शेर केवढाही धरा, प्रमाण बिघडत नाही.

खरी मेख 'जर्द बिरिंज'मध्ये आहे. तांदूळ १० शेर, खडीसाखर ५ शेर, तूप साडेतीन शेर, आणि केशर दीड दाम. दाम हे अकबराचे तांब्याचे नाणे, तेच वजनही. सुमारे २१ ग्रॅम. शेर पूर्वी कुठे १८ दामांचा होता, कुठे २२ चा. अकबराच्या राज्यारंभी तो २८ दामांचा होता, पुढे ३० चा झाला, म्हणजे साधारण ६३० ग्रॅम. आपल्या आजोबांचा शेर इंग्रजी अमलातला, ८० तोळ्यांचा, ९३३ ग्रॅमचा. तो धरला तर तांदूळ सव्वानऊ किलोंवर जातो आणि केशर ३१ ग्रॅमच राहते. भात फिकट होणारच!

तेव्हा घरी करायचा असेल तर किलोभर तांदळाला ५ ग्रॅम केशर घ्या. (आजच्या भावात परवडते का, ते ज्याचे त्याने बघावे.)