यमूची दुर्गी आणि बुलढाण्याच्या ताराबाई

वयात येणाऱ्या मुलांची मराठी पुस्तकं म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना 'शाळा' आठवते. मिलिंद बोकीलांची ही कादंबरी २००४ साली आली. नववीतला मुकुंद जोशी, आणीबाणीचे दिवस, मित्रांचं टोळकं आणि शिरोडकर! त्याआधी प्रकाश नारायण संतांचा लंपन होता. 'वनवास' आलं १९९४ मध्ये. सुमीशी त्याची मैत्री आणि पुढे वडिलांचा मृत्यू, सगळं त्या पोराच्याच तोंडून. दोन्ही माझी अतिशय लाडकी पुस्तकं.

पण एक गोष्ट राहून राहून मनात येते. शिरोडकरला काय वाटत होतं? सुमीला? जोशी आणि लंपन सांगतील तेवढंच आपल्याला कळतं. मुलीचं मोठं होणं मुलीच्याच तोंडून कुठे सापडतं, हे शोधायला गेलं तर बरंच मागे जावं लागतं. आणि गंमत म्हणजे ती वाट आमच्या बुलढाण्यावरून जाते.

१८८१ ची गोष्ट. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला, जन्मलेल्या बाळाला मारलं म्हणून फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळली, पण वर्तमानपत्रांना विषय मिळाला. आजकालच्या बायका कशा बिघडल्या यावर लेख येऊ लागले. ते वाचून बुलढाण्यात एक बाई संतापल्या. त्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे सभासद. ताराबाईंचं शिक्षण घरीच झालेलं. १८८२ मध्ये पुण्यात त्यांचं 'स्त्रीपुरुषतुलना' छापून आलं, तेही स्वतःच्या नावानं. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा सरळ सवाल.

त्यांनी गोष्टी लिहिणाऱ्यांनाही सोडलं नाही, हे मला फार आवडतं. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) ही तेव्हाची गाजलेली पुस्तकं. नायिकेवर संकटं यायची, ती पतिव्रता राहायची आणि शेवटी सगळं गोड व्हायचं. ताराबाईंनी या पुस्तकांचाही समाचार घेतला. खऱ्या घरात कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुलीचं काय होतं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तिचा शेवट गोड होत नव्हता.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यांचं दुसरं पुस्तक काही आलं नाही, आणि हेही विस्मरणात गेलं. ते पुन्हा वाचकांसमोर आलं ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये काढलेल्या आवृत्तीमुळे.

मधल्या काळात गोष्टी थोड्या बदलल्या. १८९० मध्ये हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊ लागली. एक मुलगी, यमू, आपली हकीकत स्वतः सांगते. माहेर, लग्न, सासर, वैधव्य आणि जबरदस्तीनं केलेलं केशवपन. तो काळ किती कठीण होता बघा. विवाहितेच्याही संमतीचं वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ मध्ये झाला आणि त्यावरूनसुद्धा केवढा गदारोळ उठला!

या कादंबरीत यमूला एक मैत्रीण आहे, दुर्गी. यमूला प्रेमळ नवरा मिळतो, दुर्गीच्या नशिबी वाईट चालीचा. लेखकानं हे नुसतं तुलनेसाठी केलं असेल, असं मला वाटत नाही. घरात जे कुणापुढे बोलता येत नाही ते बोलायला मुलीला कुणीतरी बरोबरीचं लागतंच. दुःख देणारी माणसं बहुतेक वेळा घरातलीच वडीलधारी असतात. मग त्यांच्याजवळ सांगणार काय? 'शाळा'तली पोरंही मोठ्यांना सोडून एकमेकांजवळच बोलतात. शंभरावर वर्षं गेली तरी हे काही बदललं नाही.

फक्त यमूची गोष्ट पुरुषानं लिहिली होती. स्त्रीनं लिहिलेलं 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये आलं. शिकलेल्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघडपणे आलं आणि मोठं वादळ उठलं. लेखिकेचं नाव छापलं होतं विभावरी शिरूरकर. खऱ्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. पन्नास वर्षांपूर्वी बुलढाण्यातल्या बाईनं नाव लपवलं नव्हतं, आणि शिकलेल्या बाळूताईंना ते लपवावं लागलं! काळ पुढे गेला की माणसंही आपोआप पुढे जातात, असं मी आता म्हणत नाही.

हे सगळं लिहायचं कारण असं की आमच्या गोतावळ्यात बारा ते पंधरा वयाच्या चार मुली आहेत. पाळी, अंगावर येणाऱ्या नजरा, मैत्रिणीशी झालेला अबोला, शिकायचं असताना कानावर पडणारी 'स्थळं', यांतलं काहीच त्या आमच्याशी बोलत नाहीत. आपापसांत मात्र तासन्‌तास बोलतात. आत्या-मावश्यांनो, त्यांना बोलू द्या, मध्ये जाऊन 'काय चाललंय गं?' विचारू नका. मी त्यांना 'शाळा' देणार आहे, 'पण लक्षांत कोण घेतो?' सुद्धा. ताराबाईंचं पुस्तक थोडं थांबून देईन, त्यांची भाषा पेलायला हवी. आणि आजच्या मुलीनं स्वतःच्या तोंडून सांगितलेली, दुर्गीसारखी मैत्रीण असलेली एखादी मराठी कादंबरी तुमच्या वाचनात असेल, तर तिचं नाव मला नक्की कळवा.